काउंट बरोबर

हेडसिस्टरनी रबराच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि लाल पाण्याने भिजलेली एक कापडी घडी बाहेर काढून टेबलावर टाकली. चपक असा आवाज झाला. "ही कुणाची?" त्यांनी विचारलं. नजर सगळ्यांवरूनच फिरली, पण टेबलाशी सर्जन म्हणून तोच उभा होता, आणि अर्ध्या मिनिटापूर्वी "काउंट बरोबर" असं खणखणीत आवाजात तोच म्हणाला होता. त्या रबरी धडाला वर्गात सगळे मामा म्हणायचे, त्यामुळे "मामाने ह्याला मामा बनवलं" हा विनोद कुणीतरी करणारच होतं, तो झाला, आणि सगळे हसले. तोही हसला. हेडसिस्टर हसल्या नाहीत. "मी विचारलं काउंट. तू म्हणालास बरोबर. मोजून म्हणालास, का नुसतंच म्हणालास?" "मोजले ना सिस्टर. दहा." "अकरा दिले होते. अकरावा दिला तेव्हा तू घाम पुसून घ्यायला मान वळवली होतीस." एवढंच बोलून त्यांनी पुढच्या मुलाला टेबलाशी बोलावलं. तो मागे येऊन भिंतीला टेकला. हातमोजे काढायचे राहिले होते. ओठांवर ते हसू अजून होतं, काढायचं राहून गेलेलं, आणि त्याच्या खाली, गळ्यापासून बेंबीपर्यंत, काहीतरी गार होत चाललं होतं. आज आपण चुकलो ह्याचं ते नव्हतं. "बरोबर" हा शब्द ज्या आवाजात आपण म्हणालो, तो आवाज आपण आधी एकदा ऐकलाय, असं त्याला वाटत होतं. आपल्याच तोंडून. आणि तेव्हा टेबलावर रबर नव्हतं.

सर्जरीला नव्याने लागलेल्या बारा जणांचा हा वर्ग रुग्णालयाच्या तळघरात भरायचा, रोज दुपारी दोन ते पाच, सहा आठवडे. कागदोपत्री त्याला पायाभूत प्रशिक्षण असं भारदस्त नाव होतं. वरचे लोक बालवाडी म्हणायचे. पहिला आठवडा नुसत्या गाठी. खुर्चीच्या पायाला दोरा अडकवून एका हाताने गाठ मारायची, मग दुसऱ्या हाताने, मग डोळे मिटून. बसमध्ये जाकिटाच्या बटणावर, आईशी फोनवर बोलताना टेबलाच्या खणाच्या मुठीवर, त्याची बोटं आपली आपण गाठी मारत राहायची, आणि आई विचारायची, "लक्ष कुठंय रे तुझं?" मग फोमच्या कातडीवर टाके. मग एका बंद खोक्यात कॅमेरा घालून, पडद्यावर बघत, लांब चिमट्याने वाटाण्याचे दाणे एका वाटीतून दुसरीत टाकायचे. तो खेळ त्याला चांगला जमायचा. आणि गुरुवारी हेडसिस्टरांचा तास, मोजणीचा. रक्त टिपायला पोटात घालतात त्या जाड कापडी घड्यांना मॉप म्हणतात, हातरुमालाएवढ्या असतात, प्रत्येकीत एक निळा दोरा विणलेला असतो जो एक्स-रेमध्ये पांढरा दिसतो. पोट शिवायच्या आधी दिलेले किती आणि परत आलेले किती, दोघांनी मोठ्याने मोजायचे. एवढंच. पहिलीच्या पोराला येईल असं. त्या गुरुवारी, भिंतीला टेकून, पुढचा मुलगा "एक, दोन, तीन" असं सावकाश मोजत असताना, त्याला तेवीस दिवसांपूर्वीची ती दुपार आठवली.

त्याचा रुग्णालयातला चौथा दिवस. बालवाडी अजून सुरू व्हायची होती. अपेंडिक्स फुटून पोटभर पू झालेल्या एका बाईंना जेवणाच्या सुट्टीतच थिएटरमध्ये घेतलं. ऑपरेशन दादा करत होता. दादा दोन वर्षं पुढचा, शेवटच्या परीक्षेला बसणारा. सगळे ज्युनियर त्याला दादाच म्हणायचे, आणि तोही कुणाला उपाशी राहू द्यायचा नाही, मोठ्यांच्या शिव्या स्वतःच्या अंगावर घ्यायचा. त्या दिवशी मदतीला सिस्टर एकच होत्या. मधेच शेजारच्या थिएटरमधून हाक आली, तिथे कुणाचं तरी रक्त थांबत नव्हतं, त्या पळता पळता त्याला म्हणाल्या, "दहा दिलेत हं, तू बघ." तो बघत होता. पण काय बघत होता? पिवळट पू, त्याचा तोंडाच्या पट्टीतूनही आत घुसणारा वास, दादाची न थांबणारी बोटं, आणि आपल्या हातातला पोटाची कड ओढून धरायचा तो चमचा, जो जरा सैल पडला की दादा नुसतं "अं" म्हणायचा. पुढे दादा म्हणाला, "अजून मॉप." तेव्हा आपण ट्रॉलीवरचं नवं पाकीट फोडलं होतं का? पाचाचं? की पहिल्या दहातलेच उरलेले पुढे केले? पाकीट फाटल्याचा आवाज त्याच्या कानात होता, अगदी स्पष्ट. पण तो त्या दुपारचा आवाज होता की ह्या तळघरात पन्नासदा ऐकलेला, ते त्याला सांगता येईना. मग दादाने सुई मागितली, मान वर न करता विचारलं, "काउंट?" त्याने परातीतल्या लाल ढिगाकडे पाहिलं. ढीग पुरेसा वाटला. ढीग पुरेसा वाटला! आणि तो म्हणाला, "बरोबर."

पाच वाजता वर्ग सुटला तेव्हा तो सगळ्यांच्या मागून जिना चढला. काहीतरी निमित्त सांगून त्याने रेकॉर्डच्या खोलीतून त्या बाईंची फाइल मागवली. मोजणीचा कागद व्यवस्थित लावलेला होता. दिलेले दहा, परत दहा, बरोबर. अक्षर सिस्टरांचं, कारण त्या धावत परत आल्या तेव्हा त्याने त्यांना तेच सांगितलं होतं. खाली सही त्याची, वळणदार, नव्या डॉक्टरची. पहिल्या क्षणी त्याला हायसं वाटलं, छापील चौकटीत लिहिलेल्या गोष्टीबद्दल वाटतं तसं, आणि दुसऱ्या क्षणी कळलं की हा कागद आपल्याच तोंडचा शब्द आपल्याला परत सांगतोय. फाइलच्या पहिल्या पानावर वय बावन्न, व्यवसाय मोटार ड्रायव्हिंग शिक्षक. त्या त्याला आठवल्या. वॉर्डात सहाव्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या हाताखालून दोन हजार माणसं गेलीत डॉक्टर, त्यातली निम्मी तुमच्यासारखी. आरसा बघतात, पण आरशात काय आहे ते बघत नाहीत." तेव्हा तो खूप हसला होता. आता फाइल मिटताना त्याला त्यांचं पोट दिसत होतं, टाके काढताना पाहिलेलं, मधोमध उभी गुलाबी रेघ, आणि त्या रेघेच्या मागे, आतड्यांच्या वळणांत, एक घडी. चुरगळलेली, ओली. ती तिथे आहे असं त्याला दिसत नव्हतं. ती तिथे नाही असंही दिसत नव्हतं. ह्या दोन्हींच्या मधल्या जागेत तो घरी जाणाऱ्या बसमध्ये उभा राहिला, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाचा शर्ट, कोट, पट्टा ह्यांच्याकडे बघत राहिला. सगळी माणसं आपापली पोटं मांडीवर घेऊन किती निर्धास्त बसली होती.

तो आठ वर्षांचा असताना एकदा सगळे सुट्टीला मावशीकडे निघाले होते. टॅक्सी दारात, सामान वर बांधलेलं, वडील घड्याळ बघतायत, आणि आईला शंका आली. "पळत वर जा रे, गॅस बंद आहे का बघून ये." चौथा मजला. तो दोन जिने चढला, तिसऱ्यावर दम लागला, तिथे कठड्याला धरून वीस आकडे मोजले आणि खाली येऊन म्हणाला, "बंद आहे." आईने त्याच्या केसांतून हात फिरवला. गाडी सुरू झाल्यावर तो चौथा मजला त्याच्या डोळ्यांपुढे आला तो मावशीकडचे तिन्ही दिवस तसाच राहिला. भावंडं तळ्यावर पोहायला गेली, तो काठावर बसून घर जळताना बघत होता, शेजारच्या आजोबांसकट, त्यांच्या पोपटासकट. चौथ्या दिवशी परत आले. गॅस बंदच होता. काहीसुद्धा झालं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं तो ह्या आठवणीला नशीब म्हणत होता. आता, अंथरुणावर पालथं पडून, उशीच्या शिवणीवर बोटांनी गाठी मारताना, त्याला वाटलं की त्या दिवशी काही झालं नाही हेच वाईट झालं. न बघता सांगितलेलं खरं निघतं, हे त्याला तिथे कळलं, आणि त्या कळण्यावर तो पुढे बराच लांब आला. शाळेत, कॉलेजात, तोंडी परीक्षांत. आवाज ठाम ठेवला की माणसं पुढे जातात. कुणी जिना चढून बघत नाही.

शुक्रवारी सकाळी हात धुण्याच्या मोरीशी दादा एकटा सापडला. त्याने आदल्या रात्री मनाशी चार वाक्यं जुळवली होती, पण तोंडातून भलतंच निघालं. "दादा, त्या अपेंडिक्सच्या बाई."

"कुठल्या? गाडी शिकवणाऱ्या?"

"मी मॉप मोजले नव्हते."

दादाने कोपराने नळ बंद केला. हातांवरून पाणी ठिबकत राहिलं. "म्हणजे?"

"तू काउंट विचारलंस. मी बरोबर म्हणालो. पण मोजले नव्हते."

"कागदावर काय आहे?"

"बरोबर."

"झालं तर मग." दादाने नळ पुन्हा सुरू केला. मग पाण्याकडेच बघत, खालच्या आवाजात म्हणाला, "तीन आठवडे उलटून गेलेत. ताप नाही, दुखणं नाही, जखम सुकली. आत काही राहिलं असतं तर एव्हाना बोंब झाली असती."

"कधीकधी वर्षानुवर्षं कळत नाही म्हणतात."

"कोण म्हणतात? बालवाडी?" दादा हसला, पण त्याच्या मानेची शीर ताठ झालेली होती. "पंडित, नीट ऐक. पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे. बायको बाळंतपणाचे दिवस मोजतेय. तुझ्या शंकेखाली माझं नाव लागणार, ऑपरेशन माझं होतं. आणि कशासाठी? उगाच वाटलं म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची. पोटात ठेव."

पोटात ठेव. दादा आत गेला, दार त्याच्यामागे दोनदा हललं आणि थांबलं, तरी ते दोन शब्द मोरीपाशी उभेच राहिले. त्याला भयंकर हसू आलं, आणि ते हसू वर येता येता त्याची ओकारी झाली. मोरीत फक्त चहा पडला. तोंड धुताना आरशात जो चेहरा दिसला तो त्याला वडिलांच्या आजारपणातल्या चेहऱ्यासारखा वाटला, गालफडं बसलेला. दादाचं सगळं खरं होतं. दादाने त्याला रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वतःचा डबा दिला होता, सलाईनची शीर सापडत नव्हती तेव्हा रुग्णासमोर अपमान न करता हळूच हात धरून सुई आत घालून दिली होती. अशा माणसाच्या परीक्षेवर आपण एका आवाजाच्या आठवणीपायी पाणी ओतणार? पण त्याच विचाराच्या पोटातून दुसरा विचार वळवळत वर यायचा: मला दादाचं वाईट वाटतंय की दादाच्या आडोशाला उभं राहणं बरं वाटतंय? दुपारी, वॉर्डातलं काम आटोपल्यावर, वर्गाला न जाता तो जिन्याखाली गेला आणि फाइलमधून उतरवून घेतलेला नंबर लावला. का लावला ते त्यालाही माहीत नव्हतं. आवाज ऐकावा, बस. पलीकडे उचलला गेला, आणि आधी इंजिनाची घरघर आली, मग त्यांचा आवाज, दुसऱ्याच कुणाला तरी: "क्लच एकदम सोडू नका हो, हळू, हळू... हां. हॅलो?" जिवंत, ठणठणीत, जरा वैतागलेला आवाज. त्याला एवढं सुटल्यासारखं झालं की डोळ्यांत पाणी आलं. "हॅलो? कोण?" त्या पुन्हा म्हणाल्या. तो म्हणाला, "सॉरी, चुकून लागला," आणि फोन ठेवला.

चुकून लागला. पुन्हा तोच आवाज, ठाम, नम्र, घडी घातलेला. जिन्याखाली बादल्या आणि फडके ठेवायची जागा होती. तिथल्या कुबट अंधारात त्याला पहिल्यांदा मॉपची भीती वाटायची थांबली आणि स्वतःची वाटू लागली. ती भीती फार वेगळी होती. आधीच्या भीतीला निदान एक जागा होती, कुणाच्या तरी पोटात, एक्स-रेने सापडेल अशी. ही कुठेही नव्हती. हा आवाज आता तीन वर्षं ह्या इमारतीत फिरणार, तापाचे आकडे सांगणार, औषधाचे डोस सांगणार, उजवा पाय की डावा ते सांगणार, आणि माणसं त्याच्यावर विसंबून पुढे जाणार. तो तसाच वर गेला. मोठ्या मॅडमच्या खोलीचं दार त्याने ठोठावलं तेव्हा आपण काय करतोय हे त्याला नीटसं कळलेलं नव्हतं. पाय कळायच्या आधी पोचले होते.

मोठ्या मॅडम विभागप्रमुख. अंगाने एवढ्याशा, टेबलामागे शाळेतल्या मुलीसारख्या दिसायच्या, पण त्यांच्या पावलांचा आवाज ऐकून वॉर्डातले लोक उभे राहायचे. त्याने सांगितलं. मधे कुठे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आधी कुणाला सांगितलंस?"

"दादाला."

"तो काय म्हणाला?"

तो खिडकीकडे वळला. खिडकीबाहेर कुणीतरी शिडी ओढत नेत होतं. मॅडमनी तो आवाज संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाल्या, "बरं. ते त्यालाच विचारीन. तू घाबरलायस?"

"हो."

"कुणासाठी?"

त्यांच्यासाठी, असं उत्तर जिभेच्या टोकावर तयार होतं. "आधी माझ्यासाठी," तो म्हणाला. "त्यांच्यासाठी नंतर."

"हे निदान मोजून सांगितलंस." मॅडमनी फोन त्याच्यापुढे सरकवला. "बोलाव त्यांना. आजच. आणि एक्स-रेचा फोटो काढायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. फोटो चांगला आल्यावर कुणीही खरं बोलतं. मी येणार नाही. दाराबाहेर असेन."

बाई पाऊण तासात आल्या. आखूड पांढरे केस, सपाट बूट, हातात किल्ल्यांचा जुडगा; चालताना डावा हात पोटापाशी, ऑपरेशन झालेली माणसं काही महिने धरतात तसा. एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्या बसल्या. त्याने उभ्यानेच सुरुवात केली, मग त्या म्हणाल्या, "बसा हो डॉक्टर, मान दुखते माझी," म्हणून बसला. त्याने सांगितलं. मॉप म्हणजे काय, ते का मोजतात, ते मोजायचं काम कुणाचं होतं, आणि त्याने काय केलं. "आत काही राहिलं असेलच असं नाही. नसण्याचीच शक्यता जास्त आहे. पण मला माहीत नाही." हे शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज फाटला. बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. समोरच्या भिंतीवर दाराच्या वर एक लाल दिवा होता, त्याच्याकडे बघत होत्या. त्यावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "दुपारी फोन तुम्हीच केला होतात?"

"हो."

"वाटलंच मला. चुकून लागलेला माणूस एवढा श्वास घेत नाही."

मग त्यांना आत बोलावलं. दार बंद झालं, लाल दिवा लागला. तो बाकावर एकटा राहिला. बाईंच्या किल्ल्या बाकावर राहिल्या होत्या. त्याने त्या उचलल्या, मग त्या आपल्या हातात शोभत नाहीत असं वाटून पुन्हा ठेवल्या. आत मशीनचा गुं असा आवाज झाला आणि थांबला, पुन्हा झाला. त्याला वाटलं, ती घडी आता दिसत असेल. पांढरी वळवळती रेघ, कुणीतरी काळ्या पाटीवर खडूने ओढल्यासारखी. मग काय होईल ते सगळं त्याने बघून घेतलं, क्रमाने, एकही पायरी न गाळता: पुन्हा भूल, पुन्हा तीच जखम उघडणं, चिकटलेली आतडी, चौकशी, दादाचा चेहरा, आईला फोन, आईचं "पण तू मोजलं का नाहीस रे?" हे वाक्य, ज्यात राग नसेल, नुसतं न समजणं असेल. बोटं एकदम निश्चल होती. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच ती गाठ मारत नव्हती. दिवा विझला. एक्स-रेचे डॉक्टर दारात आले, त्याच्या खांद्यावरून मागे उभ्या मॅडमना म्हणाले, "काही नाही. स्वच्छ आहे. दोन बाजूंनी काढलाय, दोरा कुठेही नाही."

मॅडम जवळ आल्या. तोवर बाईही बाहेर आल्या होत्या. बाईंना नमस्कार केला, विभागाच्या वतीने माफी मागितली, आणि त्याला म्हणाल्या, "सहा आठवडे थिएटरमध्ये चाकूला हात लावायचा नाही. हेडसिस्टरांच्या शेजारी उभं राहायचं." आणि निघून गेल्या. कॉरिडॉरच्या टोकाला दादा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो पुढे आला नाही. तिथूनच, फार मोठ्याने नाही, म्हणाला, "तुला बालवाडीत शिकायला पाठवलं होतं रे, हेडमास्तर व्हायला नाही," आणि वळला. त्या पाठीकडे बघताना त्याला कळलं की आता ह्या इमारतीत त्याला डबा कुणी देणार नाही. आणि सगळं स्वच्छ होतं. काहीही झालं नव्हतं. आठ वर्षांच्या त्या मुलासारखाच तो पुन्हा एकदा बरोबर निघाला होता, आणि ह्या वेळी त्या बरोबर निघण्याने त्याच्या अंगावर काटा आला.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या. त्यांनी फिल्म मागून घेतली होती आणि खिडकीशी नेऊन काचेवर धरली होती. "मला दाखवा ह्यात काय काय आहे ते."

"काही नाहीये, त्यांनी सांगितलं ना."

"त्यांनी सांगितलं. मला बघायचंय."

तो दाखवू लागला. हा मणका. ह्या बरगड्या, शेवटच्या. हा काळा भाग म्हणजे आतड्यातली हवा, असतेच. हे कमरेचं हाड. बाई प्रत्येक ठिकाणी बोट ठेवायच्या, "आणि हे?" विचारायच्या, आणि उत्तर मिळाल्यावरच बोट पुढे सरकवायच्या. त्यांच्या गाडीत, त्यांनी मधेच सांगितलं, दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक त्यांच्या. "लोकांना वाटतं, दुसरा ब्रेक आहे म्हणजे काळजी नाही. पण मी तिकडे खिडकीबाहेर बघत बसले तर तो असून नसल्यासारखा. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात." हे त्या चिडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या, गिअर कुठे आहे ते सांगावं तसं. मग त्यांचं बोट खाली, ओटीपोटाच्या डाव्या बाजूला, मोहरीएवढ्या एका पांढऱ्या ठिपक्यावर थांबलं. "आणि हे?"

त्याने वाकून पाहिलं. ठिपका गोल होता. दोरा नव्हता, दोऱ्यासारखा तर मुळीच नव्हता. हाडाचा तुकडा? डाग? फिल्मवरची धूळ? त्याच्या डोक्यात तीन उत्तरं भराभर तयार झाली, तिन्ही पटण्यासारखी, आणि घशात तो आवाज येऊन बसला, वापरायला तयार. बाई वाट बघत होत्या. त्यांच्या मनगटावरची शीर उडताना दिसत होती. त्या घाबरलेल्या आहेत, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फोन उचलल्यापासून, पाऊण तास गाडी चालवताना, त्या मशीनखाली थंड टेबलावर पडून राहताना त्या सारख्या घाबरलेल्याच होत्या, आणि ती भीती त्यानेच नेऊन त्यांच्या हातात दिली होती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "विचारून येतो."

"या. मी थांबते."

एक्स-रेच्या खोलीपर्यंत वीस पावलं होती. ती वीस पावलं त्याला जन्मभर पुरली असती. स्वच्छ म्हणालेला माणूसही चुकू शकतो. आज सगळीच माणसं चुकू शकत होती. डॉक्टर कोट घालून निघायच्या तयारीत होते. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली, अर्धा क्षण, आणि म्हणाले, "शिरेतला चुन्याचा कण आहे रे. पन्नाशीनंतर पुष्कळांना असतो. काही करत नाही." "नक्की?" त्याने विचारलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, फिल्म पुन्हा उचलली, आणि ह्या वेळी भिंग घेऊन, सावकाश पाहिली. "नक्की," ते म्हणाले.

त्याने परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दोनदा बघितलं, हेही. मला हे आज पहिल्यांदाच कळलं, हेही. बाईंनी फिल्म पाकिटात घातली. किल्ल्या घेतल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"मी आज घरी जाऊन काय करणार माहितीये? पोट दाबून बघणार. उद्याही बघणार. जरा कुठे दुखलं की मला तो कपडा आठवणार. फोटो स्वच्छ आहे ना? तरी आठवणार." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मला हे सांगितलं नसतं तर मी सुखाने जगले असते."

"हो," तो म्हणाला.

"मग सांगितलंत कशाला?"

त्याने त्यांच्या सपाट बुटांकडे पाहिलं. त्याला कर्तव्य आठवलं, मॅडम आठवल्या, जिन्याखालचा कुबट अंधार आठवला, आणि त्यातलं एकही उत्तर ह्या बाईंना देण्याच्या लायकीचं वाटलं नाही. "मला माहीत नाही," तो दुसऱ्यांदा म्हणाला.

बाईंनी सुस्कारा टाकला. मग पाकीट काखेत धरून, अगदी व्यवहाराच्या आवाजात, त्यांनी विचारलं, "तपासायला पुन्हा कधी यायचं?"

"तीन महिन्यांनी. पण आता फार गरज नाही, जवळच्या कुठल्याही डॉक्टरला..."

"इथेच येईन. आणि तुम्हीच असा. दुसऱ्या कुणाला हे सगळं पहिल्यापासून सांगायचं मला जमायचं नाही. तुम्ही असाल ना?"

त्याने मान हलवली. त्या जाईनात, तोंडाने ऐकल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या. त्याने खिशातून डायरी काढली, तीन महिने पुढचं पान उघडलं, तारीख, वार, वेळ लिहिली, त्या तारखेला आपली ड्युटी कुठे असेल ते डोक्यात दोनदा तपासलं, आणि मग म्हणाला, "असेन." डायरीतलं अक्षर इतकं वाकडंतिकडं आलं होतं की ते आपलंच आहे, हे त्याला कुणी सांगूनही पटलं नसतं.